नकोचं वजन

मराठी माणसाला पहिल्या फटक्यात 'हो' म्हणता येत नाही. चहा घेणार का? नको. अजून एक पोळी वाढू का? नको नको. गाडीतून सोडू का? छे, हा काय, दोन पावलांवर तर घर आहे. मग समोरच्यानं जरा चढ्या आवाजात 'असं कसं?' म्हणायचं असतं. त्यानंतर चहा, पोळी आणि गाडी या तिन्ही गोष्टी यथास्थित पार पडतात. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे ते यंत्रांना शिकवायचंही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

निदान सानिका जगदाळेच्या तरी यायला हवं होतं. ती मूळची कराडची. तिची आई ती लहान असतानाच गेली आणि तिला वाढवलं ते रत्नप्रभामावशीनं. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण तिच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली होती. मावशीनं लग्न केलं नाही. कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवली, आणि त्या खानावळीत पहिल्या 'नको'ला कुणाची सुटका झाल्याचं ऐकिवात नव्हतं. ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून मावशी भाकरी टाकायची आणि पुढच्या पानाकडे वळायची.

असल्या घरात वाढलेल्या सानिकानं पुढे पुण्यात जाऊन नाव काढलं ते नेमकं उलट्या गोष्टीसाठी. 'एकदा नको म्हटलं की नको' हे तिचं ब्रीद होतं, आणि त्यालाही कारण होतं. तिच्या कॉलेजच्या दिवसांत फोनमधली ॲपं माणसाचा पिच्छा सोडत नसत. सूचना चालू करायच्या का, वर्गणी भरायची का, पाच तारे देता का! उत्तराला 'हो' आणि 'आत्ता नको' एवढे दोनच पर्याय. सरळ 'नाही' म्हणायची सोयच ठेवलेली नसायची. लोक इतके वैतागले की अखेर कायदा आला. ॲपनं कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची, नकार मिळाला की तो विषय संपला. लोक त्याला 'एकदाच कायदा' म्हणायचे. सानिकानं त्यासाठी भाषणं केली होती, लेख लिहिले होते आणि कायदा झाला त्या दिवशी पेढेही वाटले होते.

तोवर पडद्यांची जातच बदलली होती. पूर्वी ॲपचा पडदा एकदा आखला की सगळ्यांना तोच. बटणं ठरलेली, त्यांच्या जागाही ठरलेल्या. माणसानं ते शिकून घ्यायचं आणि नाही जमलं तर स्वतःला अडाणी म्हणवून घ्यायचं. नव्या पद्धतीत पडदा आधी आखलेला नसतोच. समोर माणूस आला की त्याची नजर कुठे रेंगाळते, बोट कुठे अडखळतं, आवाज थकलेला आहे की घाईचा, हे पाहून यंत्र त्या माणसासाठी त्या क्षणापुरता पडदा तयार करतं. आजोबांना तीन मोठी अक्षरं दिसतील, नातीला तिथेच तीस चित्रं. प्रत्येक गोष्टीमागे यंत्र एक आकडा बाळगून असतं, की या माणसाला हे हवं असण्याची शक्यता किती. 'हो' म्हटलं की आकडा वर जातो, 'नको' म्हटलं की खाली. आकडा तळाला टेकला की ती गोष्ट पडद्यावरून विरघळून जाते. या कलेत पोहोचलेल्या माणसांचं स्वप्न एकच असतं, कोरा पडदा. माणसाला काही दाबावं लागू नये, काही शोधावं लागू नये.

सानिकाच्या 'मोकळीक' कंपनीनं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी 'सोबत' नावाचा असा पडदा केला होता. भिंतीवर लावायचा. तो औषधांची आठवण करी, किराणा मागवी, माणूस बोलला की बोले. त्याला बक्षिसं मिळाली. पहिल्या काही पडद्यांपैकी एक सानिकानं मावशीच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लावला आणि निर्धास्त मनानं पुण्याला परतली.

मावशीला दवाखान्यात नेलं ते शेजारच्या नसीमवहिनींनी. दूध द्यायला आल्या तर मावशी पायरीवर बसलेली, श्वास पुरत नव्हता, पाय सुजून खांब झालेले. सानिका पोहोचेपर्यंत तिच्या फुप्फुसातलं पाणी उतरवायला सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, "ही दोन दिवसांची गोष्ट नाही. महिना तरी झाला असेल. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

मावशीचे कपडे आणायला सानिका घरी गेली. ओट्यावरचा पडदा कोरा होता. औषधं नाहीत, फोनची नावं नाहीत, किराणा नाही. कोपऱ्यात तेवढं घड्याळ. दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर तो पाहिला असता तर 'वा' म्हणाली असती ती.

"सोबत, मावशीच्या पायावरची सूज तुला दिसली नव्हती?"

"दिसली होती. डॉक्टरांची वेळ घेऊ का, असं विचारलं होतं. नको म्हणाल्या."

"मग मला कळवायचं."

"तेही विचारलं होतं. 'तिला कशाला उगा त्रास' असं म्हणाल्या."

"परत का नाही विचारलंस?"

"एकदा नको म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नाही, असा नियम आहे."

नियम कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती. सानिका ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडली. यंत्राला दोष देणं सोपं होतं, पण दर रविवारी तीही फोन करत होती. 'बरी आहेस ना?' 'मला काय धाड भरलीय?' संपलं. तिनंही एकदाच विचारलं होतं.

दवाखान्यात मावशीला बोलण्याइतकी ताकद आल्यावर सानिकानं आधी तेच काढलं. "डॉक्टरला नको का म्हणालीस?"

"अगं, असं लगेच हो म्हणतं का कुणी?" मावशी म्हणाली. "मला वाटलं, परत विचारंल. दुपारपर्यंत वाट बघितली. नाही विचारलं. म्हटलं, बिचाऱ्याला कंटाळा आला असंल."

सानिकाला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा ते कळेना.

दुखणं हृदयाच्या झडपेचं होतं. झडप जुनी होऊन कडक झाली होती, धड उघडत नव्हती, आणि हृदय त्या फटीतून रक्त रेटून रेटून दमलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की आता छाती उघडावी लागत नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी वर नेऊन नवी झडप बसवता येते. धोका थोडा आहे, पण आहे. नाही केलं तर गोळ्यांवर एखादं वर्ष निघेल, त्यापुढचं सांगता येत नाही.

"नको गं बाई," मावशी म्हणाली, "कशाला उगा या वयात चिरफाड."

आणि हा 'नको' कुठला, ते सानिकाला सांगता येईना.

पुण्याला परतल्यावर तिच्या डोक्यात तोच किडा वळवळत राहिला. हा 'नको' खरा आहे की भिडेचा, हे माणसाला कळतं ते कशावरून? आणि माणसाला कळत असेल तर यंत्राला का कळू नये? कंपनीत निनाद कुलथे नावाचा तिचा सहकारी होता, आवाजाच्या अभ्यासातला. त्याला तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मोजता येईल. पण त्यासाठी हजारो 'नको' गोळा करायला हवेत, आणि त्यातला कुठला खरा ते आपल्याला आधी माहीत हवं. ते कसं कळणार?"

"जेवायला घालू," सानिका म्हणाली. खानावळीचं रक्त शेवटी उसळलंच.

पुढचे दोन-तीन महिने 'मोकळीक'च्या तळमजल्यावर पंगती उठल्या. म्हातारे, तरुण, सासवा, जावई, सगळ्यांना रीतसर सांगून, आवाज फक्त औषधपाण्याच्या कामाला वापरू असं लिहून देऊन जेवायला बोलावलं. वाढपी जिलबी घेऊन फिरायचा, विचारायचा आणि नकार आला तरी दुसऱ्यांदा आग्रह करून वाढायचा. ज्यानं जिलबी संपवली त्याचा 'नको' भिडेचा. ज्यानं ती ताटात तशीच ठेवली त्याचा खरा. शास्त्राच्या इतिहासात इतका गोड प्रयोग क्वचितच झाला असेल. निनादचं वजन चार किलोनं वाढलं.

जे सापडलं ते मात्र गमतीचं नव्हतं. खऱ्या नकाराआधी माणूस क्षणभर थांबतो. मग आवाज खाली उतरतो आणि तिथेच संपतो, दार लावून घेतल्यासारखा. भिडेचा नकार प्रश्न पुरा व्हायच्या आधीच येतो. त्याचा सूर शेवटाला वर चढतो आणि मागे शेपूट असतं: कशाला, उगाच, तुम्हालाच त्रास. हातसुद्धा सांगतो. ज्याला नको असतं तो ताट झाकतो. ज्याला हवं असतं तो हात वीतभर वर धरतो, खालून जिलबी जाईल इतकी जागा ठेवून. थांबणं, उतरणं, घशातला ताण आणि हाताची उंची, या सगळ्याची गोळाबेरीज करून यंत्र 'नको'चं वजन काढू लागलं. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. निनाद म्हणाला, "माझी बायको सातच वेळा बरोबर असते."

कायद्याचाही अडथळा आला नाही. औषधोपचाराच्या कामात भिडेच्या नकारानंतर पुन्हा विचारायला खास परवानगी मिळाली. सानिकानं नवी 'सोबत' पहिल्यांदा लावली ती मावशीच्याच घरी.

यंत्राला आता आग्रह करता येऊ लागला, आणि तो तरी किती करायचं! "मावशी, गोळी राहिली." "नको आता, मग बघू." "असं कसं चालेल? पाणी भरून ठेवलंय ना शेजारी? घ्या बघू." मावशी घ्यायची. मीठ कमी झालं, संध्याकाळची फेरी सुरू झाली, पायांची सूज उतरली. सानिकाच्या फोनवर रोज सगळी हकिगत यायची, तीही एका हिरव्या ठिपक्यात. ठिपका हिरवा आहे म्हणजे मावशी ठीक आहे. मग रविवारचा फोन कधी सोमवारवर गेला, कधी त्याच्या पुढच्या आठवड्यावर. विचारायचं काय? ठिपका तर हिरवा होता.

एक दिवस ठिपक्याशेजारी ओळ उमटली: 'मावशी ऑपरेशनला तयार झाल्या आहेत.'

सानिकानं खुर्चीतून उठून निनादला मिठी मारली. महिनोन्‌महिने डॉक्टर सांगत होते, नसीमवहिनी सांगत होत्या, पण मावशी बधली नव्हती. शेवटी यंत्रानं तिच्या 'नको'मागचं खरं ओळखलं आणि गोड बोलून तिला वळवलं. आता मावशी वर्षभराच्या अंदाजावर जगणार नव्हती. त्या दिवशी सानिकाला आपण आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं असं मनापासून वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी कंपनीचा प्रमुख अद्वैत सबनीस यानं बैठक बोलावली. अद्वैत वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त चांगली वस्तू कपाटात पडून राहिलेली बघवत नसे.

"हे आपण औषधांपुरतं ठेवलं तर करंटेपणा होईल," तो म्हणाला. "कपडे विकणारे आहेत, सहली काढणारे आहेत, विमेवाले आहेत. सगळ्यांचं दुखणं एकच. गिऱ्हाईक पहिल्यांदा नको म्हणतं आणि कायद्यानं पुन्हा विचारता येत नाही. पण आता आपण सिद्ध करू शकतो की तो नकार नव्हताच. मग कायदा मोडतो कुठे? लोकांना आतून जे हवंय तेच आपण त्यांना देणार."

यावर सगळ्यांची नजर सानिकाकडे वळली. पंगतीत गोळा केलेले आवाज दुसऱ्या कामाला वापरायचे तर ज्यांनी ते गोळा केले त्यांच्या प्रमुखाची, म्हणजे तिची, सही लागणार होती. सही केली तर नव्या विभागाची सूत्रं तिच्याकडे येणार होती, आणि जगभर तिचं नाव होणार होतं.

"नको, अद्वैत," ती म्हणाली, "आपण लोकांना औषधपाण्याचं सांगितलं होतं ना, मग उगाच कशाला..."

अद्वैतच्या मागच्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'भिडेचा नकार.' कुणीतरी यंत्र चालूच ठेवलं होतं.

खोलीत हशा पिकला. अद्वैतही हसला, अगदी प्रेमानं. "बघ सानिका, तुझ्या 'नको'त अजून जागा आहे. असं कसं चालेल? विचार कर ना, तुझंच तर काम आहे हे."

भर चौकात कुणीतरी पदर ओढावा तसं तिला झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं. तिला ते हवं होतंच. नाव हवं होतं, विभाग हवा होता, रात्री पडल्या पडल्या तिनं त्याची स्वप्नंही पाहिली होती. पण हवं असूनही ती नको म्हणाली होती, आणि ते म्हणणं खोटं नव्हतं. जिलबी खावीशी वाटणाऱ्या माणसाला जिलबी नाकारायचा हक्क नसतो का? मन ओढ घेतं एकीकडे आणि माणूस ठरवतो दुसरंच. त्या ठरवण्यालाच तर माणूस म्हणायचं. एवढ्या पंगती घालून तिनं काय मोजलं होतं, तर ओढ. ठरवणं मोजायचं राहूनच गेलं होतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली.

"मला आतून हवंय, अद्वैत," मग ती म्हणाली. "यंत्र बरोबर सांगतंय. तरी नको."

पडद्यावर काय उमटलं ते पाहायला ती थांबली नाही. निनादनं मात्र खाली बघत आपली वही मिटली आणि तोही तिच्यामागून बाहेर पडला. "गाडी मी चालवू का?" त्यानं विचारलं. ती नको म्हणाली, आणि त्यानं ते पहिल्याच खेपेला ऐकून घेतलं, कारण तो आवाजातला जाणकार होता.

कराडच्या रस्त्याला लागल्यावर तिला मावशीची धास्ती वाटू लागली. मावशीला आतून जगायचं आहे हे यंत्रानं ओळखलं, त्यात काय मोठंसं? जगायचं कुणाला नसतं? पण मग ती इतके महिने नको का म्हणत होती? त्या नकोमागे काय होतं? ते तिला कुणी विचारलं होतं?

ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा उन्हं उतरली होती. मावशी खाटेवर टेकून बसली होती, केस नीट विंचरलेले, दवाखान्याचा ढगळ झगा घातलेली. त्या झग्यात ती एवढीशी दिसत होती. ताटावरचे हात दूर सारणारी बाई ती हीच, यावर नवख्याचा विश्वास बसला नसता. डॉक्टर शेवटची फेरी मारत होते.

"काय रत्नप्रभाताई, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. तयार आहात ना?"

"हो हो, तयार की. मला काय, कधीबी न्या. तुम्ही कशाला उगा काळजी करता."

डॉक्टर खूश होऊन पुढे गेले. सानिका मात्र जागच्या जागी उभी राहिली. 'हो' प्रश्न संपायच्या आधी आला होता. सूर वर चढला होता. मागे शेपूट होतं. हजारो 'नको' तिनं पारखून पाहिले होते, पण 'हो' एकदाही तपासला नव्हता. तो तपासावा लागतो हेच तिला सुचलं नव्हतं.

ती खाटेवर मावशीच्या पायाशी बसली. "मावशी, तू हो का म्हणालीस?"

"आता गं? तूच तर मागं लागली होतीस, कर कर म्हणून."

"मी कधी लागले?"

मावशीनं जरा आठवून पाहिलं. "तू नाहीस खरं. ते तुझं पडद्यातलं. रोज म्हणायचं बघ. सकाळी उठलं की म्हणायचं, मावशी, विचार केला का? सांजच्याला म्हणायचं, घाबरू नका, मी आहे ना. लई गोड बोलायचं. किती दिवस नाही नाही म्हणायचं? कुणी एवढं मनापासनं म्हणतंय म्हटल्यावर त्याचं मन कसं मोडायचं?"

"अगं, ते यंत्र आहे."

"ठावं हाय मला. यंत्र झालं म्हणून काय, घरात राहतंय की."

भीड भिकेची बहीण म्हणतात. मावशीनं भिडेखातर आयुष्यात बरंच काही केलं होतं. उसनं दिलेलं परत मागितलं नव्हतं, फुकट जेवणाऱ्यांना उठवलं नव्हतं. पण भिंतीवरच्या एका पडद्याचं मन राखायला ती उद्या हृदयात नळी घालून घ्यायला निघाली होती, आणि हे सगळं घडवून आणणारी तिची भाची समोर बसली होती.

"तुला भीती वाटते का?" सानिकानं विचारलं.

मावशीनं मांडीवरची चादर हातानं सारखी केली. पुन्हा एकदा केली. "वाटती," ती म्हणाली. "झोपवणार म्हणत्यात. आणि परत उठलेच नाही तर? डॉक्टरला सांगितलं तर तो आकडे सांगतो. शंभरातल्या एवढ्या उठतात म्हणं. मी काय शंभर हाय व्हय?"

ऑपरेशन झालं नाही तर मावशी फार दिवसांची सोबतीण नाही, हे सानिकाला पक्कं ठाऊक होतं. पण सकाळी त्या खोलीत आपल्यावर जे बेतलं तेच आपण हिच्यावर लादायचं का? तिनं मनावर दगड ठेवला.

"मग उद्याचं रद्द करू," ती म्हणाली. "तुझा जीव आहे, तू ठरव. नको असेल तर नको. मी आग्रह करणार नाही."

आपण न्यायानं वागलो असं तिला वाटलं. मावशीनं मात्र तोंड खिडकीकडे फिरवलं.

"का?" मग तिनं विचारलं.

"का म्हणजे?"

"का नाही करणार? सगळ्यांनी केला. डॉक्टरनं केला, नसीमनं केला, भिंतीवरच्यानं केला. तू तेवढी राहिलीस." मावशी आता तिच्याकडे वळली. "सगळे म्हणत्यात, तुमच्या भल्याचं हाय. माझं भलं घेऊन मी काय करू आता? मी जाईन नाहीतर राहीन. मी राहावं असं कुणाला वाटतंय का, तेवढं मला कळू दे की. मी एवढे दिवस नको नको म्हणत बसले ती काय हौस म्हणून? म्हटलं, आज ना उद्या पोरगी येईल आणि म्हणंल. तू काय आली नाहीस. तुझा तो ठिपका आला."

यंत्राला 'नको'चं वजन करता येत होतं. पण तो 'नको' कुणाला उद्देशून होता, हे त्याला कधी कळणारच नव्हतं. ज्याचं मावशीवाचून काही अडत नव्हतं त्यानं आग्रह केला होता, आणि जिचं सगळंच अडणार होतं ती पुण्यात बसून हिरवा ठिपका बघत होती.

तिनं मावशीचे दोन्ही हात धरले आणि तिचा बांध फुटला. "कर ना गं," ती म्हणाली. "तुझ्या भल्यासाठी नको करूस. माझ्यासाठी कर. मला तू हवी आहेस. मी एवढी मोठी झाले पण मला तुझ्यावाचून कुणी नाही, आणि तू गेलीस तर मी काय करू ते मला माहीत नाही. मला तू अजून हवी आहेस, मावशी. उद्या दारापर्यंत मी येते. उठशील तेव्हा मी समोर असेन. नंतरही इथंच राहणार आहे."

"आणि तुझं काम?"

"असू दे काम."

"नोकरी गेली तर?"

"जाऊ दे. तू कर ऑपरेशन. मी ऐकणार नाही. तू केलंच पाहिजेस."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मधल्या वाटेनं चहाची गाडी खडखडत गेली, पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं कुणाला तरी हाक मारली. मावशीनं एक लांब श्वास घेतला, तिला आता जमत होता तेवढा.

"बरं," ती म्हणाली, अगदी हळू, खालच्या आवाजात. "करते."

मग तिनं सानिकाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि उशाचा टॉवेल तिच्यापुढे धरला.

"जा, त्या डॉक्टरला सांगून ये, आता हो म्हणाली म्हणून. आणि आधी नाक पूस, माणसांत जायचंय."